चिमूरचा अनध्याय : ६ जानेवारी १९४३ च्या वृत्तपत्रीय हरताळाचा विचार

१

जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव खंडांची सूची करणारास एक शेरा वारंवार लिहावा लागतो. तो म्हणजे 'अंक गहाळ'. वाळवी, ओल, उंदीर, रद्दीवाला आणि निष्काळजी वारस या पाचांनी मिळून आपल्या प्रांतातील छापील कागदाचा जो नाश केला आहे, तो संग्राहकांस नव्याने सांगावयास नको. त्यामुळे खंडात एखादा अंक दिसला नाही की तो या पाचांपैकी कोणीतरी नेला असे धरून आपण पुढे जातो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका खाजगी संग्रहातील दैनिकाच्या १९४३ च्या खंडाची सूची केली, तेव्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक अंक कमी आढळला. पोथीची पाने मोजताना 'पत्र सहावे त्रुटित' असे लिहिण्याची जी सवय हातास जडली होती, त्याच सवयीने तेथे 'त्रुटित' असा शेरा मारला आणि पान उलटले. पुढे दुसऱ्या गावच्या संग्रहात, अगदी निराळ्या पत्राच्या खंडातही त्याच ठिकाणी तशीच पोकळी दिसली, तेव्हा चूक ध्यानी आली. दोन गावची वाळवी एकच तारीख निवडून खात नाही. तो अंक गहाळ झालेला नव्हता. तो निघालाच नव्हता.

शोध घेता कळले की, ६ जानेवारी १९४३ रोजी हिंदुस्थानातील अनेक वृत्तपत्रांनी बुद्ध्या एक दिवस प्रकाशन बंद ठेविले होते आणि त्यास निमित्त झाले होते आमचे चिमूर. ज्या गावी या लेखकाने आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविले, त्या गावासाठी एके दिवशी देशभरची छापखान्याची चाके थांबली होती, ही गोष्ट त्यास साठी उलटल्यावर एका चुकलेल्या शेऱ्यामुळे कळावी, याची लाज वाटली. त्या लाजेतून हे टिपण सिद्ध झाले आहे. १६ ऑगस्ट १९४२ ची चिमूरची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. ती पुन्हा सविस्तर सांगण्याचा येथे हेतू नाही. त्या दिवशीच्या मृत्यूंचा शोक लेखन-मुद्रणाच्या व्यवसायाने कोणत्या रीतीने पाळला, त्या रीतीस आपल्या परंपरेत काही आधार आहे काय, आणि त्या शोकात कोणाची नावे आली व कोणाची राहिली, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

२

प्रथम शास्त्राकडे पाहू. मरणानंतर कुटुंबाने पाळावयाचे ते आशौच अथवा सुतक. त्याचे दिवस नात्यावर ठरतात आणि ते सर्वांस परिचित आहे. परंतु विद्येचा जो व्यवसाय, म्हणजे पठण, पाठन आणि त्यांच्या अनुषंगाने होणारे लेखन, त्याने पाळावयाचा विराम निराळा आहे. त्यास अनध्याय म्हणतात. अनध्याय नात्यावर अवलंबून नसतो. मेलेला माणूस आपल्या कुळाचा, जातीचा अथवा ओळखीचा नसला तरी तो घडतो.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात या अनध्यायांची लांब यादी आहे. याज्ञवल्क्याने आचाराध्यायात त्यांची गणना करून ती संख्या सदतीस ठरविली आहे. पैकी काही नित्य आहेत. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी या तिथींचे. काही नैमित्तिक आहेत. मेघगर्जना, भूकंप, उल्कापात इत्यादींचे. आपल्या विषयास उपयोगी पडतात ते निराळेच. गावात प्रेत असता अध्ययन करू नये, रडण्याचा आवाज कानी येत असता करू नये, लोकांचा जमाव झाला असता करू नये, असे मनूने सांगितले आहे. गावावर चोरांचा घाला पडला असता आणि आगीमुळे गोंधळ उडाला असता जो अनध्याय होतो त्यास तो 'आकालिक' म्हणतो. म्हणजे ज्या वेळी प्रसंग घडला त्या वेळेपासून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत, पुरे आठ प्रहर, पाठ बंद.

या नियमांवर टीकाकारांनी पुष्कळ काथ्याकूट केला आहे, त्यात शिरण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, आपल्या परंपरेत शब्दाचा व्यवसाय करणारांस शोकाची एक स्वतंत्र रीत सांगितली आहे आणि ती म्हणजे स्वतःचे काम थांबविणे. शेजारी प्रेत असता ज्यास आपला पाठ चालू ठेववतो, त्याच्या पाठास शास्त्र मान देत नाही. हा विराम पाळणाराने स्वतः पाळावयाचा असतो. दुसऱ्याने त्याच्या तोंडावर हात दाबला तर त्यास अनध्याय म्हणत नाहीत. हा भेद पुढील हकीकतीत महत्त्वाचा ठरेल.

३

आता प्रसंग. चिमूर त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडातील चांदा जिल्ह्यात, वरोरा तहसिलीत मोडत असे. बालाजीचे देवालय, त्याची घोडायात्रा आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी-भजने, ही या गावाची ओळख होती. प्रांतिक मंत्रिमंडळाने १९३९ च्या अखेरीस राजीनामा दिल्यापासून प्रांताचा कारभार गव्हर्नराच्या हाती होता. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस 'छोडो भारत'चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले आणि आठवड्याच्या आत ती लाट झाडीपट्टीच्या कडेस येऊन पोहोचली.

१६ ऑगस्ट, रविवार, शके १८६४ श्रावण शुद्ध पंचमी, नागपंचमीचा सण. त्या दिवशी निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा ठार झाला. क्षुब्ध जमावाने डाक बंगल्यास आग लाविली. त्या दिवशीच्या दंग्यात कामावर असलेले चार सरकारी नोकर मारले गेले : उपविभागाचे मॅजिस्ट्रेट डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, पोलीस सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही गोळीबार झाला, लोक पडले आणि पोलिसही मारले गेले. म्हणून पुढील खटल्यांस 'चिमूर-आष्टी' हे जोडनाव पडले.

१९ तारखेस चिमुरात लष्कर शिरले. त्यात गोऱ्या सैनिकांचा भरणा मोठा होता. गावातील बहुतेक पुरुष धरले गेले अथवा पळाले होते. त्यानंतरच्या दिवसांत घरे लुटली गेली व स्त्रियांवर अत्याचार झाले, अशा तक्रारी स्त्रियांनी स्वतः केल्या. नागपुराहून डॉ. मुंजे यांनी व काही महिलांनी येऊन त्या ऐकून घेतल्या आणि प्रसिद्धीस देण्याचा यत्न केला. सरकारने निःपक्ष चौकशी नाकारिली. खटले चालून अनेकांस फाशीच्या व जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. फाशीच्या शिक्षा रद्द व्हाव्या म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी मोठी चळवळ केली आणि १९४५ साली त्या सौम्य करण्यात आल्या. हा भाग ज्ञात आहे.

४

या प्रसंगानंतर चिमुरावर जे मौन पसरले ते लादलेले होते. भारत संरक्षण नियमांखाली वृत्तपत्रांवर निर्बंध आधीच होते. 'नॅशनल हेराल्ड'सारख्या पत्राने तर ऑगस्टातच दार लावून घेतले होते. ते १९४५ साली पुन्हा उघडले. चिमुरातून बातमी बाहेर जाण्याचे जे मार्ग होते, ते एकामागून एक बुजले. ज्यांच्या भजनांनी या भागास जाग आणली त्या तुकडोजी महाराजांस २८ ऑगस्ट रोजी पकडण्यात आले व डिसेंबरपर्यंत नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. मुंबईस उषा मेहता व त्यांचे सहकारी गुप्तपणे 'काँग्रेस रेडिओ' चालवीत. चिमूर-आष्टीची हकीकत देशास प्रथम ऐकविली ती त्यांनी, असे उषाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत अभिमानाने सांगितले आहे. तो रेडिओही १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी पकडला.

त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबर रोजी, सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी चिमूरच्या चौकशीसाठी उपवास आरंभिला होता. त्यापूर्वी ते दिल्लीस लोकनायक बापूजी अणे यांच्या दारी जाऊन बसले होते. अणे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. ते वणीचे, म्हणजे आमच्या शेजारच्याच मुलखातले. शिवाय जाडे संस्कृतज्ञ. त्यांच्या 'श्रीतिलकयशोऽर्णव' या महाकाव्यास त्यांच्या पश्चात साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, हे वाचकांस ठाऊकच आहे. वणीचा पंडित सरकारात आणि चिमूरचे गाऱ्हाणे त्याच्या ओसरीवर, असा तो योग होता. भन्साळींस तेथून उचलून परत पाठविण्यात आले. ते पुनःपुन्हा चिमूरच्या वाटेस लागत आणि पोलीस त्यांस पुनःपुन्हा सेवाग्रामी आणून सोडीत.

भन्साळी हे मौनाचे मोठे साधक होते. व्रत ढळू नये म्हणून त्यांनी एके काळी आपले ओठ तारेने शिवून घेतले होते, ही गोष्ट सेवाग्रामच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. ज्याने स्वतःचे ओठ शिवले तो मनुष्य दुसऱ्यांच्या शिवलेल्या ओठांसाठी अन्न सोडून बसला होता. सरकारने त्यावर उपाय योजिला तो असा की, भन्साळींचा उपवास व चिमूर यांविषयी काहीही छापण्यास मनाई केली. माणूस मरणाच्या दारी आणि त्याचे नाव छापण्याची बंदी, अशी स्थिती डिसेंबरात झाली.

५

येथे वृत्तपत्र-व्यवसायाने जे केले तो आपला मुख्य विषय. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषद ही संस्था १९४० साली स्थापन झालेली. 'हिंदू'चे कस्तुरी श्रीनिवासन तिचे पहिले अध्यक्ष. तिच्या स्थायी समितीने डिसेंबर १९४२ मध्ये मुंबईस ठरविले की, ६ जानेवारी रोजी वृत्तपत्रांनी एक दिवस प्रकाशन बंद ठेवावे. त्यास जोडून असेही ठरले की, बंदी उठेपर्यंत सरकारी वाड्यांची परिपत्रके, नववर्षाची पदव्यांची यादी आणि सरकारी पुरुषांची भाषणे छापू नयेत. भाषणांत एखादा निर्णय अथवा घोषणा असेल तर तेवढाच भाग द्यावा.

६ जानेवारी १९४३ हा बुधवार होता. पंचांग काढून पाहता शके १८६४ मार्गशीर्ष वद्य अमावास्या येते. संपादकांनी तारीख ठरविताना पंचांग उघडले असेल असे कोणी मानू नये. हा निव्वळ योगायोग आहे. तथापि ज्या तिथीस शास्त्राने नित्य अनध्याय सांगितला, तीच या नैमित्तिक अनध्यायास लाभली, हे नमूद करण्याजोगे आहे.

हा हरताळ निषेधाचा होता की शोकाचा, असा प्रश्न येईल. ठरावाचा रोख सरकारी बंदीवर होता, म्हणून तो निषेध होय यात संशय नाही. तरी त्याचे स्वरूप पाहावे. कामगार संप करितो तेव्हा मालकाचे नुकसान करितो. येथे मालक, संपादक, खिळे जुळविणारा व अंक विकणारा पोऱ्या सर्वांनी आपलेच नुकसान केले. सरकारचे काहीच अडले नाही. उलट चिमूरविषयी काही छापले जाऊ नये हेच सरकारास हवे होते आणि त्या दिवशी कशाविषयीच काही छापले गेले नाही. बाहेरून पाहणारास सरकारी बंदी आणि हा हरताळ यांचे फळ एकच दिसेल, कोरा कागद. परंतु आपण वर पाहिलेला भेद येथे लागू पडतो. एक मौन दुसऱ्याने तोंड दाबल्याचे. दुसरे गावात प्रेत आहे म्हणून पाठ थांबविल्याचे. अत्याचाराच्या बातमीच्या जागी नाटकाची जाहिरात छापून अंक भरून काढणे सहज शक्य होते. तसे करण्याची शरम वाटणे, हेच अनध्यायाचे मूळ आहे.

'हरताळ' या शब्दाकडेही पोथ्यांच्या संग्राहकांनी लक्ष द्यावे. बंद अशा अर्थी जो हरताळ, तो हट्ट म्हणजे बाजार आणि ताल म्हणजे कुलूप यांपासून आला. गुजरातीतील हडताळ तोच. पण आपल्या दप्तरांत दुसराही हरताळ आहे : हरिताल, तो पिवळा खनिज पदार्थ, ज्याचा लेप देऊन लिपिकार पोथीतील चुकलेले अक्षर झाकीत असत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथलाच. चिमूरच्या बाबतीत हे दोन्ही हरताळ समोरासमोर आले. सरकारने घडलेल्या गोष्टीवर हरिताल फासला. वृत्तपत्रांनी त्यास बाजाराचे कुलूप लावून उत्तर दिले. आणि ज्यांनी जुनी पोथी उन्हात तिरपी धरून पाहिली आहे त्यांस हेही माहीत आहे की, हरितालाखालचे अक्षर पुष्कळदा वाचता येते.

पुढील आठवड्यात, १२ जानेवारी रोजी, डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने भन्साळींचा उपवास ६३ व्या दिवशी सुटला. चौकशी मिळाली नाही. छापण्यावरची बंदी मात्र उठली. म्हणजे चिमुरास न्याय मिळाला नाही, पण चिमूरचे नाव उच्चारण्याची मोकळीक मिळाली.

६

लेखन, चित्र, नाट्य इत्यादी कलांच्या व्यवसायावर प्रत्यक्ष घाला पडला असता त्या व्यवसायांनी शोक कसा पाळला, याची अलीकडची तीन उदाहरणे तुलनेसाठी पाहावी. त्यांत मेलेले लोक त्या त्या व्यवसायाचेच होते व ते कामाच्या जागीच मारले गेले, हा चिमूरहून भेद आहे. तरी त्यांवरून आपल्या प्रसंगावर प्रकाश पडतो.

१ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर येथे सफदर हाश्मी व त्यांची मंडळी रस्त्यावर नाटक करीत असता त्यांवर हल्ला झाला. एक कामगार मारला गेला आणि हाश्मी दुसऱ्या दिवशी वारले. ४ जानेवारीस त्यांच्या पत्नी मलयश्री यांनी तीच मंडळी घेऊन त्याच जागी तेच नाटक पुरे केले.

७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिस येथे 'शार्ली एब्दो' या व्यंगपत्राच्या कचेरीत संपादकांची बैठक चालू असता बंदूकधाऱ्यांनी शिरून गोळ्या झाडल्या. बारा माणसे मेली. त्यांत नामांकित व्यंगचित्रकार होते; तसेच इमारतीच्या देखभालीचे काम करणारा एक मनुष्य होता आणि दोन पोलीसही होते. उरलेल्यांनी 'लिबेरासियों' या दैनिकाच्या जागेत बसून पुढचा अंक तयार केला व तो १४ जानेवारीस काढिला. तेथे खंड पडू न देणे हाच शोक ठरला.

१८ जुलै २०१९ रोजी जपानातील क्योतो येथे चलच्चित्रे रेखाटणाऱ्या एका कलागृहात एका माणसाने पेट्रोल ओतून आग लाविली. ३६ कलावंत व कर्मचारी मेले. त्यांत तरुण पुष्कळ होते. कागदावरील रेखाटने जळाली, मात्र संगणकाच्या साठ्यातील नकला हाती लागल्या, हे वाचून कोणत्याही संग्राहकाच्या जिवास किंचित धीर येईल. परंतु या लेखकास विशेष वाटले ते पुढचेच. त्या संस्थेत अशी वहिवाट होती की, एक वर्षाहून कमी काळ काम केलेल्यांची नावे चित्रपटाच्या अखेरच्या नामावलीत येत नसत. त्या घटनेनंतर लवकरच जो चित्रपट प्रसिद्ध झाला, त्याच्या नामावलीत ही वहिवाट बाजूस ठेवून, त्यावर काम केलेल्या सर्वांची, अगदी नव्यांचीही, नावे घालण्यात आली.

ज्यांनी पोथ्यांच्या पुष्पिका वाचण्यात आयुष्य घालविले त्यांस याचे मर्म सांगावे लागणार नाही. ग्रंथ संपल्यावर लिपिकार आपले नाव, गाव, शक, तिथी लिहून हात जोडतो. तेवढ्या दोन ओळींमुळे शेकडो वर्षांनी आपणास तो माणूस भेटतो. या तीन उदाहरणांवरून असे दिसते की, व्यवसायाच्या शोकास दोन अंगे असतात. पहिले अनध्याय, म्हणजे थांबणे. तो थोड्या वेळाचा असावा, शास्त्रानेही तो आठ प्रहरांचाच सांगितला आहे. दुसरे पुष्पिका, म्हणजे काम पुन्हा हाती घेऊन त्याच्या शेवटी नावे लिहिणे. पहिले अंग वृत्तपत्रांनी चिमूरसाठी पाळले. दुसरे कोणी पुरे केले काय?

७

येथे लिहिण्यास अवघड असा भाग येतो. चिमुरात दर वर्षी १६ ऑगस्टास हुतात्म्यांस अभिवादन होते. बालाजी रायपूरकर याचे नाव शाळेतल्या मुलांस पाठ असते, असावेच. या लेखकाच्या वर्गातील एका मुलाने एकदा विचारिले, "गुरुजी, डाक बंगल्यात जे मेले ते कोण होते?" उत्तर देता आले नाही. 'सरकारचे लोक' असे म्हणून वेळ मारून नेली. मुलगा समंजस होता. त्याने पुढे विचारिले नाही. तो प्रश्न आणि सूचीतला तो 'त्रुटित' शेरा या दोहोंची चूक एकच आहे, हे ध्यानी यावयास फार वर्षे लागली. जे आहे ते गहाळ म्हणून लिहिणे, ही ती चूक.

त्या चौघांनी परकीय सत्तेची नोकरी पत्करिली होती आणि त्या दिवशी ते तिच्याच कामावर होते. गोळीबाराचा दोष कोणाकडे किती, हे ठरविणे या लेखाचे काम नाही. जमावाच्या क्षोभास कारण होते, हेही नाकारता येणार नाही. परंतु त्या चौघांच्या मरणाचे नुसते वर्णन दोन्ही पक्षांनी आपापल्या कामासाठी वापरले. सरकारने ते पुढे करून गावास शिक्षा केली. आपल्या बाजूच्या लिहिणारांनी 'अधिकारी ठार झाले' एवढ्या दोन शब्दांत ते आटोपले. ६ जानेवारीचा हरताळ ज्यांच्यासाठी झाला त्यांत या चौघांची गणना कोणी केली असेल असे वाटत नाही. त्यांच्या घरी सुतक पाळले गेले असेल. अनध्याय त्यांस मिळाला नाही.

शास्त्रवचन मात्र येथे स्पष्ट आहे. गावात प्रेत असता, इतकेच मनूने म्हटले. ते कोणाचे हे विचारावयास सांगितले नाही. पॅरिसच्या बारा मृतांत दोन पोलीस होते. चित्रकारांबरोबर त्यांचीही नावे लोकांनी घेतली आणि त्यामुळे चित्रकारांचा मान उणा झाला नाही. डुंगाजी, सोनवणे, जरासंध व तो शिपाई यांची नावे बालाजी रायपूरकराच्या नावानंतर लिहिल्याने चिमूरच्या हौतात्म्यास बाध येईल अशी भीती ज्यांस वाटते, त्यांस त्या हौतात्म्याच्या बळाविषयी पुरता विश्वास नाही, असे नम्रपणे म्हणावे लागते.

याच्या उलट एक मौन असे आहे की जे आपण मोडू नये. ज्या स्त्रियांनी आपल्यावरील अत्याचार सांगितले, त्यांनी ते चौकशीसाठी सांगितले. इतिहासात नाव राहावे म्हणून सांगितले नाही. चौकशी झाली नाही. त्यांच्या जबान्यांच्या नकला कोणा संग्राहकाच्या हाती आल्या तर त्या जिवापलीकडे जपाव्या, परंतु छापताना नावे गाळावी. पुष्पिकेत नाव लिहिणे हा जसा एक सन्मान आहे, तसा येथे नाव न लिहिणे हाच सन्मान आहे. कोठे लिहावे आणि कोठे थांबावे हे कळणे, यासच अनध्यायाचे ज्ञान म्हणतात.

८

आता संग्राहकांस काही व्यावहारिक सूचना करून हे टिपण संपवितो.

ज्यांच्याजवळ १९४२-४३ च्या दैनिकांचे खंड असतील, त्यांनी ६ जानेवारी व ७ जानेवारी या दोन्ही तारखा तपासाव्या. कारण सकाळचे पत्र आदल्या रात्री छापले जाते, म्हणून हरताळाची पोकळी पत्राच्या रीतीप्रमाणे या दोहोंपैकी कोणत्याही तारखेवर पडू शकते. आठवड्यातून एकदा-दोनदा निघणाऱ्या पत्रांत ती मुळीच दिसणार नाही. नुसत्या पोकळीवरून मात्र अनुमान करू नये. वाळवीस हरताळाचे श्रेय मिळावयाचे. त्याच खंडातील जानेवारीचे पहिले अंक उघडून नववर्षाच्या पदव्यांची यादी छापली आहे की नाही हे पाहावे. यादी नसेल आणि पोकळी असेल तर ते पत्र हरताळात सामील होते असे मानण्यास चांगला आधार मिळतो. तसेच भन्साळींचे नाव नोव्हेंबराच्या मध्यापासून कोणत्या दिवशी लुप्त होते व १२ जानेवारीनंतर कोणत्या अंकात पुन्हा उगवते, याचीही नोंद करावी. हरितालाचा लेप कोठून कोठपर्यंत होता हे त्यावरून प्रत्येक पत्रापुरते कळेल. ५ व ७ जानेवारीचे अंक सुटे असले तरी फेकू नयेत; अनध्यायाच्या दोन्ही कडा त्यांवर आहेत.

पोथीशाळेत आपण कोऱ्या पानासही क्रमांक देतो. लिपिकाराने ते का कोरे सोडले हे ठाऊक असेल तर तसेही लिहितो. वृत्तपत्रांच्या खंडांस हाच न्याय लावावा, इतकीच विनंती आहे.

प्रस्तुत लेखकाने आपल्या जुन्या सूचीतील शेरा गेल्या श्रावणात दुरुस्त केला. 'त्रुटित' हा शब्द खोडला नाही, त्यावर हरताळही लावला नाही. चूक कोणाची होती हे पुढील वाचणारास कळावे म्हणून तो तसाच ठेविला. त्याखाली लिहिले : "६ जानेवारी १९४३, बुधवार, शके १८६४ मार्गशीर्ष वद्य अमावास्या. अंक निघाला नाही. अनध्याय. कारण : चिमूर." आणि त्याखाली पाच ओळी घातल्या. चार ओळींत नावे आहेत. पाचवीत 'एक शिपाई' इतकेच आहे.